नवा राजवाडा, कोल्हापूर

नवा राजवाडा हे कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याचे निवासस्थान होय. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात ही वास्तू घडीव काळ्या दगडात उभारण्यात आली. तत्पूर्वी मँट यांनी कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी इटलीतील एका स्मारकाचा आराखडा केला होता. छत्रपती राजाराम महाराजांचे १८७० मध्ये युरोप दौऱ्याहून परतताना फ्लॉरेन्स येथे निधन झाले. अर्नो नदीकाठी त्यांच्या दहनस्थळाजवळ १८७४ मध्ये भारतीय घाटाची छत्री उभी राहिली.

पारंपरिक मराठी वाड्यातील दालने आतल्या चौकाभोवती रचलेली असतात. येथे मात्र मध्यभागी घड्याळाचा उंच मनोरा असून दर्शनी भाग बागेकडे उघडतो. कमानी व नक्षीकामात गुजरात-राजस्थानातील जैन आणि हिंदू शैलींचा प्रभाव दिसतो.

अंतर्गत सजावटीत दुमजली उंचीचा दरबार महाल विशेष प्रेक्षणीय आहे. त्याच्या महिरपी मंदिराच्या धर्तीच्या आहेत. खिडक्यांतील रंगीत काचकाम हे युरोपीय चर्चमधील तंत्र असले, तरी त्या काचांवर छत्रपती शिवाजी महाराजांच्या जीवनातील प्रसंग चितारलेले आहेत. १९७४ पासून तळमजल्यावर शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय असल्याने ही सजावट सर्वसामान्यांनाही पाहता येते.