डोंबिवलीचे स्थानक आणि एकोणीस एकांची मूळ संख्या

मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरचे डोंबिवली स्थानक द. रा. कापरेकर यांच्या गणितात ‘डेम्लो’ या नावाने अजरामर झाले आहे. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेल्या कापरेकरांना काही विशिष्ट संख्यांची कल्पना या स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी त्यांचे नाव ठेवले डेम्लो संख्या. १२१, १२३२१, १२३४३२१ या त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध. त्या अनुक्रमे ११, १११ आणि ११११ यांचे वर्ग आहेत.

नुसत्या एकांनी बनलेल्या या संख्यांना ‘रिप्युनिट’ म्हणतात. त्यांतल्या मूळ संख्या कोणत्या, हा प्रश्न दिसतो त्याहून बिकट आहे. ११११ चे दोन-दोन अंकांचे गट पडतात, म्हणून तिला ११ ने भाग जातो. म्हणजे एकांची मोजदाद स्वतः मूळ असल्याखेरीज आशाच नाही. पण तेवढ्यानेही भागत नाही : १११ = ३ × ३७, ११११११ नंतरची ११११११１ सोडाच, त्याआधीची १११११ देखील ४१ × २७१ निघते. ११ नंतर पुढची मूळ रिप्युनिट थेट एकोणीस एकांची :

११,११,११,११,११,११,११,११,१११

सरळ भागाकाराने हे तपासायचे, तर शंभर कोटींच्या पुढपर्यंतचे भाजक पाहावे लागतील. सुदैवाने तिचा कोणताही मूळ भाजक ३८ ने भागल्यावर बाकी १ उरणाराच असावा लागतो. पहिला उमेदवार १९१, दुसरा २२९. तरीही लाखो उमेदवार उरतात. संगणक नव्हते त्या काळी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, न्यूयॉर्कच्या ऑस्कर हॉप्पे यांनी ती मूळ असल्याचे सिद्ध केले.

तिचा आणखी एक गुण विलक्षण आहे. १ ला तिने भागले, की अठरा शून्ये आणि एक ९ असे एकोणीस अंकांचे आवर्तन अखंड चालू राहते. आवर्तनाची लांबी नेमकी एकोणीस असलेली दुसरी मूळ संख्याच नाही!

कापरेकर मात्र देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक होते. फर्ग्युसनमध्ये असताना, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. पदव्युत्तर शिक्षण नव्हते. अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम करमणूक मानले. त्यांत तथ्य अगदीच नव्हते असे नाही, कारण आकृतिबंध दिसणे वेगळे आणि सिद्धता देणे वेगळे. पण ज्या एकांच्या रांगांत ते रमले, त्याच रांगांवर इतरत्र गंभीर संशोधन चालले होते, हे टीकाकारांच्या ध्यानी आले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले.

१९८६ मध्ये कापरेकर वारले. १,०३१ एकांची संख्या मूळ असल्याची विल्यम्स आणि डबनर यांची सिद्धता त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.