वाफारा आणि पुडी : श्वासातून घ्यायच्या एका औषधाचा इतिहास

२००९ची बकरीद नोव्हेंबरच्या अखेरीस आली होती. लोणावळ्याच्या आमच्या घरी पाहुण्यांची वर्दळ होती आणि नेमका त्याच वेळी फुफींना ताप भरला. फुफी जुन्या दमेकरी. ऑगस्टपासून पुण्यातल्या स्वाइन फ्लूच्या बातम्या ऐकून घरातले सगळे आधीच धास्तावलेले. इंग्लंडहून आलेल्या भाच्याने बॅगेतून एक खोका काढला. त्यावर नाव होते रेलेन्झा. त्याच्या गरोदर बायकोला ते तिथे मिळाले होते, पण वापरायची वेळ आली नव्हती. औषध पुडीच्या रूपात, तोंडाने जोरात ओढून घ्यायचे. फुफींना तर बोलतानाच धाप लागत होती. तेव्हा एकाने तोडगा सुचवला : "घरात नेब्युलायझर आहेच. पुडी पाण्यात विरघळवू आणि वाफेसारखी देऊ."

हे सुचवणारा मीच होतो. त्या रात्री हे घडले असते तर काय झाले असते, हे मला नंतर वाचनातून कळले. म्हणून हा लेख.

माझ्या डोक्यात ही कल्पना कुठून आली, याचे उत्तर आमच्या घरातच आहे. दादी १९१८च्या साथीच्या गोष्टी सांगायची. तेव्हा ती दहाएक वर्षांची होती. आपल्या भागात त्या साथीला 'मानमोडी' म्हणत. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. महायुद्धाची जहाजे बंदराला लागत होती आणि बंदरातून रेल्वे देशभर जात होती. मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी बोरघाट चढूनच मावळात उतरते. त्या काळी घाटात गाडीला थांबून दिशा बदलावी लागे. लोणावळा तर रेल्वेचेच गाव. माणसांबरोबर तापही त्याच रुळांवरून चालला. पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झाले होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी क्रूर निघाली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदवले गेले. साऱ्या हिंदुस्थानातला आकडा अभ्यासक सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान धरतात.

तेव्हा औषध असे नव्हतेच. हा आजार विषाणूमुळे होतो हेही माहीत नव्हते. माणसातला फ्लूचा विषाणू लंडनच्या संशोधकांनी वेगळा काढला तो १९३३ साली. लोकांच्या हाती होते ते काढा, क्विनाइन आणि वाफारा. दादीची आई गरम पाण्यात पाला टाकून डोक्यावर गोधडी घ्यायला लावायची. त्याने बरे वाटायचे, नाक मोकळे व्हायचे. विषाणू मात्र जागचा हलत नसे. पण आमच्या घरात एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकली : छातीच्या दुखण्यावर जे काही असेल, ते वाफेतून आत घालावे.

फ्लूवरचे श्वासातून घ्यायचे खरे औषध यायला पुढची ८० वर्षे लागली. फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो, तिथे आपल्या नकला तयार करतो, आणि त्या नकला बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. त्यांना सोडवणारी कात्री विषाणूकडेच असते. तिचे नाव न्यूरामिनिडेज. ऑस्ट्रेलियात ग्रेम लेव्हर यांनी या प्रथिनाचे स्फटिक बनवले, पीटर कोलमन यांनी १९८३ साली त्याची रचना उलगडली, आणि मार्क फॉन इट्झस्टाइन यांच्या चमूने त्या कात्रीच्या खाचेत नेमका बसेल असा रेणू घडवला. तोच झॅनामिविर. अडचण एकच होती. गोळी करून गिळला तर तो पोटातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. म्हणून तो थेट श्वासमार्गात पोचवायचे ठरले. वाफ करून नव्हे, कोरड्या पुडीच्या रूपात.

इथेच या औषधाची ताकद आणि धोका एकत्र आले. फेब्रुवारी १९९९मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १३ विरुद्ध ४ मतांनी या औषधाच्या विरोधात कौल दिला. तरी प्रशासनाने जुलैमध्ये मंजुरी दिली. पुढच्याच वर्षी इशारा द्यावा लागला : दमा किंवा फुफ्फुसांचा जुना आजार असलेल्या काही रुग्णांच्या श्वासनलिका ही पुडी ओढल्यावर आकसतात आणि जीवावर बेतते. ज्यांना फ्लूचा धोका जास्त, त्यांच्यातल्याच अनेकांना हे औषध चालत नाही, असा हा पेच.

आणि मग आले २००९. ३ ऑगस्टला पुण्यात देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू झाला, एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुन्यांचा ढीग साचला. त्या वर्षी रमजान आणि गणेशोत्सव एकाच आठवड्यात सुरू झाले आणि दोन्हीकडे गर्दीची धास्ती होती. सरकारी दवाखान्यात मिळत होती ती ऑसेल्टामिविरची गोळी, म्हणजे टॅमिफ्लू. झॅनामिविर आपल्याकडे फारसे कुणी पाहिलेले नव्हते. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापन केलेल्या सिप्लाने ते भारतात 'विरेन्झा' या नावाने आणले.

त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत डॉक्टरांसाठी एक सूचना निघाली होती. फ्लूच्या एका रुग्णाला रेलेन्झाची पुडी द्रवात विरघळवून कृत्रिम श्वासयंत्रातून देण्यात आली. या पुडीत औषधाच्या प्रत्येक ५ मिलिग्रॅममागे २० मिलिग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असते. तिने यंत्राचा मार्ग बुजला आणि रुग्ण दगावला. सूचना स्पष्ट होती : ही पुडी विरघळवू नका, नेब्युलायझर किंवा श्वासयंत्रातून देऊ नका.

महिनाभरानंतर लोणावळ्यात मी नेमके तेच करायला निघालो होतो. सुदैवाने आधी आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "त्या मशीनला हात लावू नका. त्यात साखर आहे, आणि तुमच्या फुफींना दमा आहे. दोन्ही बाजूंनी चूक. त्यांना आत्ता इकडे घेऊन या." फुफींना दम्याचे औषध आणि गोळी सुरू झाली. आठवड्याभरात त्या उठून बसल्या. खोका तसाच कपाटात राहिला.

मग हे औषध घ्यावे कुणी आणि कसे? ज्यांना दमा किंवा फुफ्फुसांचा जुना आजार नाही आणि दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी नाही अशांनी, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. लक्षणे सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू करावे. सकाळी दोन झुरके, रात्री दोन झुरके, असे पाच दिवस. रेलेन्झाच्या एका चकतीत चार बंद कप्पे असतात, म्हणजे एक चकती एका दिवसाची. कप्पा ओढायच्या क्षणीच फोडावा; लोणावळ्याच्या पावसाळी हवेत उघडी पुडी लगेच ओल धरेल. आधी उपकरणापासून तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडावा, मग ओठ घट्ट लावून एका दमात खोल ओढावा आणि काही क्षण धरून ठेवावा. धाप वाढली, छातीत शीळ वाजू लागली किंवा चेहरा सुजला तर औषध थांबवून तडक रुग्णालय गाठावे. रमजानमध्ये इनहेलरने रोजा तुटतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत; पण आजाऱ्याने रोजे नंतर पूर्ण करावेत ही सवलत कुरआननेच दिली आहे. त्यासाठी पाच दिवसांचे औषध मध्येच सोडू नये.

दादीच्या आईकडे वाफाऱ्याशिवाय काही नव्हते, म्हणून तिने वाफारा दिला. त्यात तिची चूक नव्हती. माझ्याकडे औषध होते, त्याच्या खोक्यात माहितीचा कागदही होता. तो मी उघडला नव्हता.