कुरणावरची शाळा

मिशनच्या शाळा आणि बोर्डिंगे यांचा आपल्या समाजाला अभिमान आहे, आणि तो अस्थानी नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात पहिले अक्षर बोर्डिंगच्या दारातून आले. परंतु बोर्डिंगची एक अट असते. मुलाने घर सोडून यायचे. त्याची बोली, त्याची गुरे, त्याची पाठची भावंडे मागे राहायची. ही अट उलटी करून पाहणाऱ्या एका शिक्षिकेचा जीवनक्रम आम्ही येथे मांडीत आहोत. त्यांचे नाव अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येई, हे वाचकांना सांगायला नको. घरच्यांनी मात्र तिला शिकू दिले. १९२९ साली त्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. प्रथम नाशिक जिल्ह्यात आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले. दिवसा शिकवावे आणि रात्रशाळेत शिकावे, असे करीत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. बी. ए. झाल्या त्या १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर.

१९४५ साली त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली आणि जीवनाची दिशाच बदलली. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीने बालशिक्षणाचे कार्य केले होते. (मारिया माँटेसरी या कॅथलिक विदुषी. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले ते ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणादिवशी.) ही पद्धती शहरातील सुखवस्तू मुलांपुरतीच राहावी, हे ताराबाईंना पटेना. त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई त्यांच्याबरोबर गेल्या. १९५७ च्या सुमारास हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत आले.

बोर्डीचे केंद्र निघाले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्या परिसरातील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. पिढ्यान्‌पिढ्या सावकार आणि जमीनदार यांच्या दाराशी राबलेल्या माणसांना पांढरपेशा पाहुण्याचे भय वाटे. तशात शाळेने मूल मागावे, तर ते मूल रिकामे कोठे होते? मुलगा गुरांमागे जाई. मुलगी आई मजुरीला गेली की तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन बसे. शाळेची इमारत उभी राहिली, घंटा वाजली, तरी मूल येणार कसे?

मूल येत नाही तर शाळेने जावे, असे या दोघींनी ठरविले. पाड्यातील एखाद्या झोपडीच्या अंगणात मुले जमवून बालवाडी भरू लागली. तिला ताराबाईंनी नाव दिले अंगणवाडी. गुराख्यांसाठी शाळा कुरणावर गेली. गुरे चरत आहेत, मुलांची एक नजर त्यांच्यावर आहे, आणि झाडाखाली अक्षरे व अंक यांची ओळख चालली आहे, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्याने तान्हे मूल पाळण्यात राही आणि त्याची बहीण वर्गात बसू शके. आमच्या मते कोसबाडची सर्वांत मोठी युक्ती हीच. मुलींच्या गळतीवर आजवर पुष्कळ भाषणे झाली आहेत. पाळणा टांगणारे थोडे. माँटेसरी साधने महाग. त्यांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने आणि माती आली. धडा सुरू होण्यापूर्वी अंघोळ, केस विंचरणे आणि नखे कापणे होई, तेही शिक्षिकेच्या हातून.

आपल्या ख्रिस्तसभेला हा इतिहास बाहेरचा नाही. अमेरिकेच्या दक्षिण डाकोटा राज्यातील लाकोटा आदिवासींमध्ये येशूसंघीय धर्मगुरू आणि फ्रान्सिस्कन भगिनी यांनी १८८६ मध्ये रोझबड येथे आणि १८८८ मध्ये पाइन रिज येथे निवासी शाळा काढल्या. श्रम, त्याग, निष्ठा यांची तेथे वाण नव्हती. तरीही मुलाच्या तोंडी लाकोटा शब्द आला तर शिक्षा होई. रोझबडच्या त्या मिशन शाळेत शिकलेले आल्बर्ट व्हाइट हॅट पुढे लाकोटा भाषेचेच शिक्षक झाले. १९७१ मध्ये तेथील आदिवासींनी स्वतःचे महाविद्यालय स्थापन केले होते. त्यात त्यांनी अनेक वर्षे ही भाषा शिकविली आणि तिचे पाठ्यपुस्तक लिहिले. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली कॅनडात जाऊन निवासी शाळांबद्दल तेथील मूळ रहिवाशांची क्षमा मागितली. अमेरिकेच्या बिशपांनी २०२४ साली मागितली. ही क्षमायाचना आपल्या प्रवचनांत फारशी ऐकू आली नाही, याचा आम्हांला खेद वाटतो.

ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या आणि सारा भार अनुताईंवर आला. बालसेविकांचे प्रशिक्षण, लेखन, दारूबंदीसाठी धडपड आणि सोबतीला अधू होत गेलेली दृष्टी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि कोसबाडचा अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. १९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट राहतेच. ताराबाई आणि अनुताई दोघीही बाहेरून आलेल्या. लाकोटांना व्हाइट हॅट मिळाले ते त्यांच्यातूनच. कोसबाडच्या कार्याची धुरा प्रथमपासून वारल्याच्या हाती नव्हती. आमच्या वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. पोहरादेवी ज्या मानोरा तालुक्यात आहे तेथे, आणि जिल्ह्यात इतरत्रही, बंजारा तांडे आहेत. तांड्यातील मूल घरी गोरमाटी बोलते. अंगणवाडी सेविका स्थानिक स्त्रीच असावी, असा योजनेचा नियम आहे. म्हणून तांड्यातील अंगणवाडीत बहुधा तांड्याचीच लेक मुलांशी त्यांच्या बोलीत बोलते. बोर्डीला १९४५ मध्ये हे भाग्य नव्हते. सहाव्या वर्षी तेच मूल पहिलीत जाते. पुढ्यात मराठी पुस्तक, समोर पुष्कळदा गोरमाटी न जाणणारे गुरुजी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. गोरमाटी जाणणाऱ्या किती तरी तरुणांनी डी. एड. केले आहे आणि ते नोकरीच्या शोधात आहेत.