चेंडू कोणाचे ऐकतो?

पस्तीसेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका गोल्फ मैदानावर कॅडीचे काम करणाऱ्या मुलांसाठी मी मराठीत एक टिपण लिहून दिले होते. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक; गोल्फ हा रविवारचा नाद. इंग्रजी पुस्तके त्या मुलांच्या आवाक्यात नव्हती, म्हणून हा खटाटोप. त्यातला एक नियम असा : क्लब ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने चेंडू सुटतो, आणि मग क्लबफेस, म्हणजे चेंडूवर आदळणारी क्लबची सपाट बाजू, जिकडे रोखलेली असेल तिकडे तो हवेत वळतो. हा नियम माझा नव्हता. कित्येक नावाजलेले प्रशिक्षक तोच शिकवत. पण तो चुकीचा होता. एवढा जुना खेळ, त्यात चांगले चांगले वैज्ञानिक रमलेले. तरी ही चूक इतकी टिकली कशी, याचा मी पुढे शोध घेतला. हा लेख त्या शोधाचा.

चेंडू वळतो तो स्वतःभोवतीच्या फिरकीमुळे, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. एडिनबरा विद्यापीठातले प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात फिरत्या चेंडूच्या मार्गाचे गणित मांडले. उलटी फिरकी चेंडूला हवेत उचलून धरते, हे त्यांनी दाखवले. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनचा हौशी विजेता ठरला आणि १९०० साली बोअर युद्धात मारला गेला. पुढे १९१० मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूच्या गतिशास्त्रावर व्याख्यान दिले. म्हणजे हवेतला चेंडू विज्ञानाने चांगला ओळखला होता. ही फिरकी हाताकडून चेंडूपर्यंत नेमकी कशी पोहोचते, ते मात्र खेळाडूच्या अंदाजावर राहिले. आघाताच्या वेळी मनगट फिरवून आपण चेंडूला वळण देतो, असे बहुतेकांना वाटे. हातांना तसे जाणवतही असे.

या जाणिवेशी सर्वांत दीर्घ झुंज दिली ती टेक्सासच्या बेन होगनने. जन्म १९१२ चा. विशीच्या आतच तो व्यावसायिक झाला, पण त्याचा चेंडू ऐन वेळी डावीकडे झपकन वळे. यालाच हूक म्हणतात. क्लबफेस आघाताच्या क्षणी मिटलेला, म्हणजे क्लबच्या मार्गाच्या डावीकडे वळलेला असला की हे होते. एकट्याच्या बळावर पहिली स्पर्धा जिंकायला त्याला १९४० साल उजाडावे लागले. तोवर पैसे संपून घरी परतण्याची पाळी त्याच्यावर अनेकदा आली होती.

त्याने काढलेला उपाय १९५५ च्या ऑगस्टमध्ये 'लाइफ' साप्ताहिकात छापून आला. डाव्या हाताचा अंगठा दांड्याच्या बरोबर वर आणायचा. क्लब मागे नेताना हात असे वळवायचे की क्लबफेस उघडेल. आणि क्लब खांद्यामागे पोहोचला की डावे मनगट हाताच्या पाठीकडे किंचित वाकवायचे. या तिन्हींमुळे क्लबफेस इतका उघडा राही की खाली येताना कितीही जोर लावला तरी तो पुरता मिटत नसे. १९५७ च्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली : आघाताच्या वेळी तेच मनगट उलट बाजूला झुकलेले, त्याचे हाड लक्ष्याकडे पुढे आलेले असावे. फेब्रुवारी १९४९ मध्ये बसशी झालेल्या टकरीत तो मरता मरता वाचला आणि सोळा महिन्यांनी यू. एस. ओपन जिंकला, यामागे जिद्द होतीच, पण क्लबफेसवरचा हा ताबाही होता.

आता यातली मेख पाहा. हे औषध हूकवरचे आहे. सर्वसाधारण हौशी खेळाडूचा क्लबफेस आधीच उघडा असतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. त्याने होगनचे मनगट उचलले, तर दुखणे वाढणारच. गुपित खरे होते. पण ते एका माणसाच्या हातांचे होते.

मनगटाबद्दलचा मूळ भ्रम १९६८ साली फुटला. ब्रिटनमध्ये शास्त्रज्ञांनी केलेल्या दीर्घ अभ्यासावर अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांनी 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' हे पुस्तक लिहिले. त्यानुसार चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून राहतात ते सुमारे अर्धा सहस्रांश सेकंद. तेवढ्यात क्लब जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे जातो. आघाताची जाणीव हातांकडून मेंदूपर्यंत पोहोचते तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे आघाताच्या वेळी मनगटाने काही करणे शक्यच नाही. मनगटाचे काम त्याआधीचे : क्लबफेस योग्य दिशेने त्या क्षणाला आणून सोडणे. तेही सोपे नाही. चांगल्या खेळाडूचा क्लबफेस आघाताजवळ सेकंदाला दोन-तीन हजार अंश या वेगाने मिटत असतो. एक सहस्रांश सेकंद इकडेतिकडे झाले, की दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

मग चेंडू दिशा कोणाकडून घेतो? अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन यांनी १९९४ च्या 'द फिजिक्स ऑफ गोल्फ'मध्ये याची भूमिती मांडली : क्लबचा मार्ग आणि क्लबफेसची दिशा या दोन रेषांमधून एक प्रतल जाते, चेंडू त्याच प्रतलात सुटतो आणि फिरकीचा अक्ष त्याला काटकोनात असतो. पुढे २००३ साली स्थापन झालेल्या ट्रॅकमॅन या डॅनिश कंपनीच्या रडारने मोजून दाखवले, की सुरुवातीच्या दिशेत क्लबफेसचा वाटा ड्रायव्हरच्या फटक्यात सुमारे ८५ टक्के आणि लोखंडी क्लबच्या फटक्यात सुमारे ७५ टक्के असतो. चेंडू मुख्यतः क्लबफेसकडे सुटतो आणि क्लबच्या मार्गापासून दूर वळतो. जुन्या नियमाने सुटण्याची दिशाच भलत्याच्या नावावर लावली होती.

तो नियम टिकला, कारण क्लबचा मार्ग डोळ्यांना दिसतो आणि त्या क्षणाचा क्लबफेस दिसत नाही. चेंडू शेवटी जिथे पडला, तिकडेच क्लबफेस असणार असे मानून सगळे मोकळे झाले.

मला मात्र ही सबब नाही. कॅरममध्ये सोंगटी स्ट्राइकरच्या वाटेने जात नाही. तो जिथे टेकतो त्या बिंदूतून निघणाऱ्या लंबरेषेने जाते. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखवत होतो. गोल्फचा चेंडू हातात आला आणि मी ते विसरलो.

त्या मुलांमध्ये एक फार मन लावून शिकणारा होता. समोरच्या झाडाला वळसा घालून चेंडू हिरवळीवर नेण्याचा तो सराव करी. टिपणात लिहिल्याप्रमाणे क्लबफेस थेट झेंड्याकडे आणि क्लबचा मार्ग झाडाच्या उजवीकडे. चेंडू दर वेळी झाडावर आदळे. "सर, तुम्ही सांगितलं तसंच करतोय," तो म्हणे. मी म्हणे, "मनगट सैल सोड, मनगटात चूक आहे तुझ्या." दोन पावसाळ्यांनंतर त्याने खेळणे सोडले.

झाड झेंड्याच्या रेषेत होते. क्लबफेस झेंड्याकडे असेल, तर चेंडू झाडावरच जाणार. त्याचे मनगट अगदी बरोबर होते. चेंडू क्लबफेसचे ऐकत होता, तो मुलगा माझे.