देवीचे ओळखकार्ड

देवी (मसूरिका) रोगाचा रुग्ण हुडकण्यासाठी आरोग्य कर्मचारी दारोदार दाखवत असत ते छापील रंगीत छायाचित्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेत १९७० च्या दशकात इंडोनेशिया, भारत, बांगलादेश आणि आफ्रिकेतील देशांत ते वापरले गेले. हातात सहज धरता येईल एवढे हे कार्ड; त्यावर अंगभर पुटकुळ्या उठलेले लहान मूल. आशियासाठी आशियाई मुलाचे आणि आफ्रिकेसाठी आफ्रिकी मुलाचे चित्र असे. आरोग्यप्रचाराचे बहुतेक छापील साहित्य लोकांना काहीतरी सांगण्यासाठी असते. हे कार्ड विचारण्यासाठी होते, आणि त्याचे महत्त्व त्यातच आहे.

कल्पना मुख्यालयात सुचलेली नव्हती. प्रशिक्षणासाठी आलेली चित्रे इंडोनेशियात जावा बेटावरील लसटोचकांनी शाळांत आणि बाजारांत नेऊन दाखवली, ‘असे कुणी पाहिले का?’ असे विचारले, आणि दप्तरी कुठेही नोंद नसलेल्या साथी सापडू लागल्या. त्यावरूनच पुढे कार्ड छापले गेले.

चित्राची निवड वैद्यकीय दृष्ट्या नेमकी होती. देवीच्या पुटकुळ्या चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, तर पोटा-छातीवर विरळ असतात; तळहात-तळपायही सुटत नाहीत. कांजिण्यांत याच्या उलट, म्हणजे धडावर गर्दी. शिवाय एका जागेच्या देवीच्या पुटकुळ्या एकाच अवस्थेत असतात, तर कांजिण्यांत नवे-जुने फोड शेजारीशेजारी दिसतात. समोर बसलेल्या मुलाच्या एका चित्रात यातले बरेचसे शब्दांवाचून दिसे. मराठी वाचकाला देवी-कांजिण्यांच्या नावांतल्या घोळाची कल्पना चटकन येणार नाही, कारण आपल्याकडे देवी, कांजिण्या आणि गोवर हे तीन वेगळे शब्द रुळलेले आहेत. हिंदी पट्ट्यात देवी म्हणजे ‘बडी माता’, कांजिण्या म्हणजे ‘छोटी माता’. बंगालीत दोन्हींना ‘बसंत’ म्हणतात आणि फरक विशेषणाने करतात. ‘घरात माता आली आहे का?’ या प्रश्नाला मिळालेले ‘हो’ त्यामुळे फारसे कामाचे नसे. आपल्याकडेही ‘देवी’ हा शब्द रोगाला, ‘देवी काढणे’ लसीला आणि मूळ शब्द देवतेला, अशी गुंतागुंत आहेच.

भारतात कार्डाचा खरा कस १९७३ पासून लागला. तोवर देवी मुख्यतः उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश आणि पश्चिम बंगालमध्ये उरली होती. ऑक्टोबर १९७३ मध्ये उत्तर प्रदेश व बिहारमध्ये पहिली मोठी शोधमोहीम झाली आणि सुमारे दहा हजार नवे रुग्ण सापडले. नेहमीच्या सरकारी नोंदींत त्यांचा पत्ताच नव्हता. शोधाची रीत साधी होती : वर्गात जायचे, कार्ड उंच धरायचे, आणि असे मूल कुठल्या घरी आहे ते विचारायचे. शाळकरी पोरांसारखे खबरी दुसरे नव्हते. कोण आजारी आहे आणि कोण खेळायला येत नाही, हे पोरांना सरपंचाच्या आधी ठाऊक असते. आठवडी बाजार आणि चहाची दुकाने ही त्यानंतरची ठिकाणे. खबर देणाऱ्याला बक्षीस मिळे. रुग्ण घटत गेले तशी रक्कम वाढली आणि १९७५ मध्ये ती १,००० रुपयांवर गेली.

कार्डाचा आणखी एक उपयोग फारसा सांगितला जात नाही. शोधपथक येऊन गेल्यावर निवडक गावांत तपासनीस जात आणि लोकांना विचारत : हे चित्र कुणी दाखवले होते का? बक्षीस किती, माहीत आहे का? गावाने चित्र ओळखले, तर कर्मचारी खरोखर फिरला होता. नाहीतर त्याची डायरी झाडाखाली बसून भरलेली! रुग्णाबरोबर कर्मचाऱ्याचीही हजेरी घेणारे असे छापील साहित्य विरळाच.

मर्यादाही होत्या. चित्रात पुटकुळ्या पुरत्या भरलेल्या दिसत; पहिल्या दोन-तीन दिवसांचे पुरळ तसे नसते. कांजिण्यांच्या खबरी शेवटपर्यंत ढिगाने येत राहिल्या आणि प्रत्येकीची शहानिशा करावी लागे. रुग्ण सापडल्यावरचे काम तर कार्डाबाहेरचेच होते : घरावर पहारेकरी बसवणे, आसपासच्या सर्वांना दुटोकी सुईने लस टोचणे. सुधारलेल्या शोधामुळे दडलेले रुग्ण उजेडात आले, त्यात मोठी साथही उसळली. १९७४ मध्ये भारतात १,८८,००० रुग्णांची नोंद झाली. शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये बिहारमध्ये, तर बांगलादेशातून आलेला शेवटचा रुग्ण त्याच महिन्यात आसाममध्ये आढळला. त्यानंतरची दोन वर्षे हेच कार्ड उलट कामासाठी, म्हणजे रुग्ण नाही हे सिद्ध करण्यासाठी, गावोगाव फिरले. एप्रिल १९७७ मध्ये भारत आणि मे १९८० मध्ये जग देवीमुक्त घोषित झाले.

पुढे पाण्यातून पसरणाऱ्या नारू या कृमिरोगाच्या निर्मूलनात घरोघर शोध, चित्र आणि बक्षीस हाच साचा वापरला गेला. पायऱ्यांच्या विहिरींमुळे महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. देशातला शेवटचा नारूरुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. नारूच्या मोहिमेत मात्र चित्राला देवीइतके काम उरले नव्हते. पायातून बाहेर येणारा पांढरा दोरा काय आहे, हे नारूच्या गावात कुणाला विचारावे लागत नसे.