हृद्‌स्नायू कोशिकांचा समन्वय
हृद्‌स्नायू कोशिकांचा समन्वय : हृदयाच्या भित्तीतील असंख्य कोशिका ठरावीक क्रमाने आकुंचन पावतात व रक्त पुढे ढकलले जाते, त्या परस्परसहकार्यास ही संज्ञा लावतात. आकुंचनाची चेतना तंत्रिकांकडून येते की स्नायूतच उत्पन्न होते आणि हा स्नायू एकसंध आहे की स्वतंत्र कोशिकांचा समूह, हे दोन प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होते.

शरीराबाहेर काढलेले बेडकाचे हृदय काही काळ स्पंदत राहते. हृदयात तंत्रिका कोशिकांचे पुंजके आढळल्यामुळे या स्पंदनाचे श्रेय त्यांना देण्यात येई. टी. डब्ल्यू. एंगेलमान यांनी १८७५ मध्ये बेडकाच्या हृदयाचा स्नायू नागमोडी कापला, तरी केवळ अरुंद सेतूंनी जोडलेल्या त्या भागांतून आकुंचनाची लाट पुढे गेली. डब्ल्यू. एच. गॅस्केल यांनी कासवाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगांनी (१८८३) स्नायूमार्गे वहनाच्या मतास बळकटी मिळाली. पुढे जपानी वैज्ञानिक सुनाओ तवारा यांनी मार्बुर्ग येथे अलिंदांपासून निलयांपर्यंतचा विशेष स्नायूंचा सलग मार्ग दाखविला (१९०६). पुर्किन्ये यांनी १८३९ मध्ये वर्णिलेले तंतू याच मार्गाच्या अखेरच्या शाखा ठरले. कीथ व फ्लॅक यांनी १९०७ मध्ये स्पंदनाच्या उगमस्थानी असलेली ऊतकाची गाठ शोधली.

दुसरा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. स्नायूतील आडव्या रेषा कोशिकांच्या सीमा असल्याचे एबर्थ यांनी १८६६ मध्ये सुचविले होते. परंतु चेतना विनाअडथळा पसरते, म्हणून अनेक शास्त्रज्ञ स्नायूस अखंड मानीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५४ मध्ये त्या रेषांच्या जागी दोन स्वतंत्र पटले दाखविली व एबर्थ यांचे मत खरे ठरले. मग चेतना सीमा कशी ओलांडते? बार, ड्यूई व बर्गर यांनी १९६५ मध्ये तीव्र विद्रावाने कोशिकांमधील निकट संधी विलग केले, तेव्हा वहन थांबले. या संधींत प्रथिनांचे सूक्ष्म मार्ग असून त्यांतून आयन थेट शेजारच्या कोशिकेत जातात. उंदराच्या हृदयातील अशा एका प्रमुख प्रथिनाचा, कोनेक्झिन-४३ चा, जनुकक्रम १९८७ मध्ये उलगडला.

या विभक्ततेस जीवनदायी अर्थ आहे. इजा झालेल्या कोशिकेत कॅल्शियम वाढते, संधींतील मार्ग बंद होतात व निरोगी शेजारी वाचतात. मात्र हृदयविकाराच्या झटक्यानंतर व्रणाच्या कडेला संधींची मांडणी विस्कळीत झाली, तर चेतना वाकड्या वाटांनी फिरून घातक अनियमित स्पंदने उद्‌भवू शकतात. हृदयाचे ऐक्य अशा प्रकारे खुल्या, पण वेळी बंद होणाऱ्या मार्गांवर अवलंबून असते.