सोलापूरचा कातळ आणि समुद्रांतील तेल

सोलापुराकडे विहीर खणूं लागलें म्हणजे काळी माती व मुरूम संपतांच काळा कातळ लागतो. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वर आलेल्या शिलारसाचे थर एकावर एक निवून हा कातळ झाला. त्याचीच झीज होऊन भीमा-सीनेच्या कांठची काळी जमीन बनली. या कातळांत तेल नाहीं. परंतु महाराष्ट्राच्या पश्चिमेस समुद्रांत जो विपुल तेलसाठा सांपडला, त्याच्या कथेचा आरंभ याच कातळापासून होतो.

खनिज तेलास तीन गोष्टी लागतात. सूक्ष्म जीवांचे व वनस्पतींचे अवशेष गाळांत पुरले जाऊन त्यांस लक्षावधि वर्षें उष्णता मिळाली पाहिजे. झालेलें तेल सांठण्यास सच्छिद्र खडक पाहिजे. आणि वर अभेद्य थराचें झांकण पाहिजे. तप्त शिलारसांत जीवांश टिकत नाहींत. म्हणून आमचा कातळ या बाबतींत वांझ होय.

पश्चिमेस मात्र निराळें घडलें. भूखंड दुभंगून त्याची कड खचली व तिच्यावर समुद्र आला. खोलगट भागांत जीवांशयुक्त गाळ बसला. मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर एक उंचवटा होता. त्याच्या तळाशीं कोठें आमच्याच जातीचा कातळ, तर कोठें त्याहून पुरातन ग्रॅनाइट. सुमारें दोन कोटि वर्षांपूर्वीं तोहि बुडाला व त्यावर चुनखडी सांचली. भोंवतालचें तेल सरकत येऊन तिच्या छिद्रांत शिरलें व वरील चिकणमातीच्या थरांनीं तें कोंडून ठेवलें. हेंच 'बाँबे हाय'.

आसामांत दिग्बोईस १८८९ सालींच तेल लागलें होतें. समुद्राकडे दृष्टि वळली ती १९५६ सालीं तेल व नैसर्गिक वायु आयोग स्थापन झाल्यानंतर. रशियन साहाय्यानें समुद्रतळाची पाहणी झाली आणि १९७४च्या फेब्रुवारींत जपानांत बांधलेल्या 'सागर सम्राटा'च्या वेधनास यश आलें. अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव नुकतेच चौपट झाले होते. त्यामुळें या यशाचें मोल अधिकच वाटलें. १९७६च्या मे महिन्यांत उत्पादन सुरू झालें आणि ऐशींच्या दशकांत देशांतील निम्म्याहून अधिक तेल येथूनच निघूं लागलें. या संपत्तीची किंमत माणसांनींहि मोजली आहे: २७ जुलै २००५ रोजीं तेथील एका मंचास आग लागून २२ जण बळी पडले.

ऐशींच्या दशकाच्या अखेरीस दिवसास चार लक्ष पिंपांहून अधिक असलेलें उत्पादन आज निम्म्याच्याहि खालीं आलें आहे. चुनखडींत पाणी दाबून उरलेलें तेल वर आणावें लागतें. कातळाची माती व्हावयास युगें लागलीं, तसेंच तेल व्हावयासहि लागलीं; परंतु माती राखली तर दरवर्षीं ज्वारी देते, तेल एकदांच मिळतें. एक व्याज आहे, दुसरें मुद्दल. अवर्षणाची संवय असलेल्या सोलापूरकरांस हा भेद अधिक विस्तारानें सांगावयास नको.